गावच्या तालमीतर्फे जुने पैलवान, वस्ताद आणि पंच यांचा जीवनगौरव कसा करावा?

तुम्ही विचारलंय की गावच्या तालमीला पंच्याहत्तर वर्षं होतायत, यात्रेच्या मैदानात जुन्या पैलवानांचा, वस्तादांचा आणि पंचांचा जीवनगौरव करायचाय, तर कुणाला निवडायचं, काय द्यायचं आणि कार्यक्रम नेमका कसा करायचा. मी जिल्हा पातळीपर्यंत कुस्ती केली, गुडघा गेल्यावर एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचचा कोर्स करून पोरं शिकवली आणि पुढं वीसेक वर्षं मातीत आणि मॅटवर पंच म्हणून उभा राहिलो. असल्या सत्कारांच्या निवडीला पण बऱ्याचदा बसलोय, काही कार्यक्रम फार सुंदर झाले आणि काही असे झाले की आठवलं तरी जीव तुटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक काम करा. शाल, फेटा, गदा, मंडप, पाहुणे हे सगळं बाजूला ठेवा आणि एक दोनशे पानी वही आणा. ज्यांचा सत्कार करायचाय त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन त्यांनी काय केलं ते लिहून काढा. कुणाकडं शिकले, कुठली मैदानं मारली, कुणाबरोबर जोडी लागायची, किती वर्षं पोरं घडवली, कुठं कुठं पंचगिरी केली, सगळं. माझ्या मते ही वहीच खरा सत्कार आहे, शाल नंतर येते. हे का म्हणतो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या मैदानात मी आमच्या भागातल्या एका वस्तादांना घेऊन गेलो होतो. वय ब्याऐंशी. आयोजकांनी दुपारी तीनला बोलावलं होतं, आम्ही अडीचलाच पोचलो कारण वस्तादांना वेळेच्या आधी जायची सवय. त्यांना लाउडस्पीकरच्या अगदी शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि तिथं ते संध्याकाळी सातपर्यंत बसले, मधे पाहुणे आले, भाषणं झाली, परत पाहुणे आले, परत भाषणं झाली. सातला नाव पुकारलं ते पण चुकीचं, आडनाव चुकवलं आणि तालमीचं नाव दुसऱ्याच गावचं घेतलं. "यांनी कुस्तीची मोठी सेवा केली" एवढं एक वाक्य, शाल, नारळ, फोटो, खाली. एक मिनिट पण लागलं नसेल. परत येताना जीपमध्ये वस्तादांनी मला विचारलं, "माझ्याबद्दल काय सांगितलं रे त्यांनी? मला नीट ऐकू नाही आलं." मी काय सांगणार, सांगण्यासारखं काही बोललेच नव्हते. मी आपलं म्हणालो, वस्ताद तुमच्या पोरांबद्दल बोलले. ते म्हणाले, "कुठल्या पोरांबद्दल?" आणि मला पुढं बोलता आलं नाही. त्या माणसानं चाळीस वर्षं पहाटे चारला तालमीचं दार उघडलं होतं, स्वतःच्या म्हशीचं दूध गरिबाच्या पोरांना पाजलं होतं. पुढच्या श्रावणात ते गेले. आयोजक वाईट माणसं नव्हती, खर्च पण भरपूर केला होता, पण त्यांच्याकडं वस्तादांबद्दल लिहिलेलं एक पान नव्हतं, त्यामुळं बोलायला काही नव्हतंच.

आता मोठं उदाहरण घ्या. खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट फ्रीस्टाइलला ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावानं तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढून स्वागत केलं, ते गावाचं प्रेम होतं आणि त्याला तोड नाही. पण त्यानंतर? पोलिसात नोकरी केली, निवृत्त झाले, १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या ज्योतीच्या रिलेत त्यांना घेतलं, आणि १९८४ च्या ऑगस्टमध्ये अपघातात गेले. शिवछत्रपती पुरस्कार १९९२-९३ चा, अर्जुन पुरस्कार २००० साली, म्हणजे दोन्ही मरणोत्तर. २०१० ला दिल्लीत कुस्तीच्या स्टेडियमला नाव दिलं, आणि आता १५ जानेवारी हा आपल्या राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. हे सगळं झालं ते चांगलंच झालं, मी त्याबद्दल तक्रार करत नाही, पण यातलं बघायला ते स्वतः होते कुठं? म्हणून तुमच्या यादीत पहिला नियम हा ठेवा की हयात माणसं आधी, आणि त्यातही वयानं सगळ्यात मोठं जे असेल ते सगळ्यात आधी. गेलेल्यांचं स्मरण जरूर करा, त्यांच्या घरच्यांना मानानं बोलवा, पण जिवंत माणसाची जागा गेलेल्याला देऊ नका, कारण फोटोला पुढच्या वर्षी पण हार घालता येतो.

आता कुणाला निवडायचं. तुम्ही पैलवान, वस्ताद, पंच अशी तिघांची नावं घेतलीत हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण बहुतेक ठिकाणी फक्त पैलवान आठवतात. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात स्टिलवॉटर म्हणून गाव आहे, तिथं १९७६ पासून नॅशनल रेसलिंग हॉल ऑफ फेम आहे. त्यांची एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. जगज्जेते पैलवान आणि नामांकित कोच यांचा मान वेगळा, आणि आयुष्यभर शाळेत पोरं शिकवणारा, शिट्टी घेऊन उभा राहणारा, स्पर्धा भरवणारा जो माणूस आहे त्याच्यासाठी "लाइफटाइम सर्व्हिस" म्हणून मान वेगळा, आणि तो राज्याराज्यातल्या शाखा आपापल्या भागातल्या माणसांना देतात. म्हणजे ज्याच्याकडं एकही मोठं मेडल नाही पण ज्यानं पस्तीस वर्षं दर शनिवारी दुसऱ्याची पोरं खेळवली तो पण आत जातो. आपल्याकडं केंद्राच्या पुरस्कारांत खेळाडूसाठी अर्जुन आहे, कोचसाठी द्रोणाचार्य आहे, आयुष्यभराच्या कामगिरीसाठी २००२ पासून ध्यानचंद पुरस्कार होता, कोल्हापूरचे पैलवान दादू चौगुले यांना तो २०१८ ला मिळाला, आता त्याची जागा अर्जुनच्या जीवनगौरव प्रकारानं घेतलीय. पण या सगळ्यात पंच कुठंच नाही. निदान गावानं तरी ती उणीव भरून काढावी.

पैलवानांचं सांगायचं तर फक्त किताबावर जाऊ नका. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी यांची नावं लोकांच्या तोंडावर असतात आणि असायलाच पाहिजेत. श्रीपती खंचनाळे १९५९ चे पहिले हिंदकेसरी, गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी १९६२ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये प्रत्येकी एक सोनं आणि एक चांदी आणली, ही माणसं आपली दैवतं आहेत. पण गावची तालीम जगवतो तो दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या कुस्तीचा पैलवान, म्हणजे मैदानातल्या मुख्य, एक नंबरच्या कुस्तीच्या आधी लढणारा. जो वीस वर्षं प्रत्येक यात्रेत लढला, ज्याच्याबरोबर सराव करून मोठा पैलवान मोठा झाला, ज्यानं रोज त्याच्या खाली पडून त्याचे डाव पक्के करून दिले. अशा सरावाच्या जोडीदाराचं नाव कुठल्याच यादीत नसतं. तुमच्या तालमीतून एखादा नामवंत झाला असेल तर त्यालाच विचारा, तुझा सराव कुणाबरोबर होता, आणि त्या माणसाचा शोध घ्या.

वस्तादांचं मोजमाप करताना लोक पहिलं विचारतात की किती चॅम्पियन काढले. हा प्रश्न चुकीचा नाही पण अपुरा आहे. मी विचारतो, किती पोरं आली आणि त्यातली किती वाया न जाता मार्गी लागली, पोलिसात गेली, सैन्यात गेली, शेती करतायत, कोच झाली. कितीजणांकडून पैसे घेतले नाहीत. हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली माती कोण खणायचं, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू कुणाच्या पदरचं पडायचं. आणि आता आणखी एक विचारायलाच पाहिजे, मुलींना पहिल्यांदा कुणी शिकवलं. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्याच्या कितीतरी आधी गावोगावी कुठल्यातरी वस्तादानं लोकांची बोलणी खाऊन पहिली पोरगी आखाड्यात उतरवली होती, स्वतःच्या पोरीला उतरवली होती, तो माणूस तुमच्या पंचक्रोशीत असेल तर त्याचं नाव वर घ्या.

वस्तादांच्या बाबतीत विसरण्याचा वेग फार असतो. १९८५ ला द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत कुस्तीचे कोच भालचंद्र भास्कर भागवत होते, पी. टी. उषाच्या नंबियार सरांच्या आणि बॉक्सिंगच्या ओमप्रकाश भारद्वाजांच्या बरोबरीनं. पहिला द्रोणाचार्य कुस्तीला, एका भागवतांना! आज तालमीतल्या पोरांना विचारून बघा, किती जणांना हे नाव माहीत आहे. दुसऱ्या बाजूला राहुल आवारेचं बघा, २०१८ ला गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थचं सोनं जिंकल्यावर त्यानं ते आपले गुरू हरिश्चंद्र बिराजदार यांना अर्पण केलं. बिराजदार तेव्हा हयात नव्हते, पण शिष्यानं नाव घेतलं म्हणून सगळ्या देशात नाव गेलं. म्हणून वस्तादांच्या सत्काराला त्यांचे पठ्ठे, म्हणजे शिष्य बोलवाच, आणि बोलायचं पाहुण्यांनी नाही, पठ्ठ्यांनी. तीन पठ्ठे, प्रत्येकी दोन मिनिटं, वस्तादांनी मला काय शिकवलं. बास.

आता पंच, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून थोडं जास्त लिहितो. पंच काय करतो हे प्रेक्षकाला दिसतच नाही, दिसते ती फक्त त्याची चूक. मातीतल्या कुस्तीत चारी बाजूंनी पाच-दहा हजार माणूस ओरडत असतो, हलगी कडाडत असते, आणि पंचाला पोटावर आडवं होऊन, गाल मातीला लावून बघावं लागतं की खालच्या पैलवानाची पाठ लागली का नाही. दोन्ही खवाटे, म्हणजे खांद्यामागची हाडं, टेकले का एक वर आहे. डोळ्यात माती जाते, वरच्या पैलवानाचा पाय तोंडावर बसतो, आणि निकाल एका क्षणात द्यायचा असतो. मॅटवर आणखी वेगळं. तिथं रेफरी, जज आणि मॅट चेअरमन असे तिघं असतात, रेफरीच्या एका मनगटाला लाल आणि एकाला निळा पट्टा, बोटांनी गुण दाखवायचे, आणि नियम दर काही वर्षांनी बदलतात. २०१३ च्या आधी तीन फेऱ्या असायच्या, दोन जिंकायच्या, प्रत्येक फेरीचा हिशोब वेगळा. मग तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या झाल्या, गुण एकत्र मोजायला लागले, फ्रीस्टाइलला दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. पैलवानाचं करिअर दहा-बारा वर्षांचं असतं, पण तीस वर्षं पंचगिरी करणाऱ्यानं हे सगळे बदल पाठ केले, परीक्षा दिल्या, पदरच्या खर्चानं शिबिरांना गेला. मोबदला काय, जाण्यायेण्याचा भत्ता आणि जेवण.

पंचाची किंमत कळायला परत हेलसिंकीला या. खाशाबांची जपानच्या इशीईबरोबर लांबलचक कुस्ती झाली, आणि ती संपल्या संपल्या त्यांना लगेच सोव्हिएत रशियाच्या मामेदबेकोवबरोबर मॅटवर बोलावलं. दोन कुस्त्यांच्या मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बोलून दाखवायला आपल्या बाजूचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. इशीईला सोनं, मामेदबेकोवला चांदी. म्हणजे नियम जाणणारा आणि वेळेवर हात वर करणारा एक माणूस मॅटच्या कडेला असणं किती मोलाचं आहे हे आपल्या पहिल्याच पदकाच्या गोष्टीत लिहिलेलं आहे. आणि २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत निर्णयावर चिडलेल्या पैलवानानं मॅटवरच पंचाला लाथ मारली ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलंय. निर्णय चूक का बरोबर यावर मी इथं बोलत नाही, पण पोरांच्या डोळ्यासमोर पंचाला मान मिळाला नाही तर पुढची पोरं पंच व्हायला येणारच नाहीत, आणि पंच नसेल तर कुस्तीचं भांडण व्हायला किती वेळ लागतो. तुमच्या मैदानात पंधरा वर्षांच्या पोरांच्या समोर एका म्हाताऱ्या पंचाला फेटा बांधला जातोय हे दृश्य मला फार महत्त्वाचं वाटतं.

पंच निवडताना बघायचं काय, तर किती वर्षं उभा राहिला, कुठली परीक्षा पास आहे, आणि गावात विचारायचं की हा माणूस स्वतःच्या तालमीच्या पोराच्या कुस्तीत पंच म्हणून उभा राहायचा का बाजूला व्हायचा. माझ्याबरोबरचे एक ज्येष्ठ पंच होते, त्यांच्या भाच्याची कुस्ती लागली की ते शिट्टी दुसऱ्याच्या हातात देऊन पार मैदानाच्या बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे, बघायचे पण नाहीत. असं काही सापडलं की ते वहीत लिहा, तेच वाचून दाखवायचं.

या तिघांच्या पलीकडं पण एखादी जागा ठेवा. हलगीवाला, पुकारा देणारा निवेदक, माती राखणारा, पोरांना भाकरी करून घालणारी वस्तादांची घरधनीण. विशेषतः ती. तालमीतली दहा पोरं घरात जेवायची तेव्हा चुलीपुढं कोण बसायचं? आणि पैशाच्या बाजूनं उभे राहणारे पण असतात. खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हा माणूस लंगोट लावून कधी मातीत उतरला नसेल पण त्या पदकात त्याचा वाटा नाही असं कोण म्हणेल.

निवड समिती पाच जणांची पुरे. त्यात एक जुना पैलवान शेजारच्या गावचा घ्या, एक शाळेतला शिक्षक घ्या ज्याला लिहायची सवय आहे, आणि निवडणुकीच्या राजकारणातला माणूस शक्यतो नको, त्यांचा मान वेगळा राखा. ज्याचं नाव चर्चेला आहे त्याचा मुलगा किंवा पठ्ठा समितीत असेल तर त्या चर्चेपुरतं त्यानं बाहेर बसायचं. का निवडलं ते प्रत्येकाच्या नावापुढं दोन ओळीत लिहून ठेवा म्हणजे नंतर गावात कुणी विचारलं तर दाखवता येतं. आणि एका वर्षी तीन-चारच्या वर सत्कार करू नका. मी एकदा एकाच संध्याकाळी बेचाळीस सत्कार पाहिलेत, शेवटी शेवटी शाल कुणाला मिळाली आणि नारळ कुणाला हे कुणालाच कळत नव्हतं. पंच्याहत्तरावं वर्ष आहे म्हणून सगळं एकदम उरकायची घाई नको, यावर्षी सुरुवात करा आणि दरवर्षी चालू ठेवा.

वही कशी भरायची ते सांगतो, कारण यात कष्ट आहेत. म्हातारा पैलवान स्वतःबद्दल बोलत नाही. पहिल्यांदा गेलात की "आम्ही काय केलं, गुरूची कृपा" एवढंच म्हणणार. मागं असाच एका पैलवानांकडं गेलो होतो, दोन तास बसून काही हाती लागलं नाही, मग त्यांच्या सूनबाईंनी माळ्यावरनं पत्र्याची ट्रंक काढून दिली. आत जुनी हँडबिलं, तीच ती गुलाबी-पिवळ्या कागदावरची मैदानाची पत्रकं, घडीवर फाटलेली, एका प्रमाणपत्राला वाळवी लागून नावाचा अर्धा भाग गेलेला, आणि तळाला कापडात गुंडाळलेला लाल लंगोट. त्यांनी हँडबिल हातात घेतलं आणि बोटानं एकेक नाव दाखवत बोलायला लागले, हा डावा होता, याची ढाक फार वाईट, याला मी घिस्सा मारला, हा पुढं वारला. दोन तास थांबलेच नाहीत. म्हणून विचारायचं ते "तुम्ही काय केलं" असं नाही, तर वस्तू समोर ठेवून "हे कोण" असं विचारायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करा, आधी परवानगी घेऊन. हँडबिलांचे, प्रमाणपत्रांचे फोटो काढा आणि मूळ कागद लगेच परत द्या, आपल्याकडं ठेवून घेऊ नका, असे कितीतरी कागद "स्मरणिकेसाठी" म्हणून नेले आणि परत आलेच नाहीत.

मग ताळा करा. आठवण दगा देते, साल मागंपुढं होतं, यात कुणाचा खोटेपणा नसतो. जिल्हा तालीम संघाकडं जुन्या नोंदी असतील तर बघा, जवळच्या शहरातल्या वाचनालयात जुन्या पेपरच्या फायली असतात, यात्रेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या अंकात निकाल छापून यायचे. आणि सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे त्यांच्याबरोबर लढलेला पैलवान. एका कार्यक्रमात आम्ही लिहिलेलं पान वाचत होतो, त्यात आलं की अमुक साली अमुक गावच्या यात्रेत यांनी अमुक पैलवानाला चितपट केलं. सत्काराला बसलेले म्हातारे पैलवान एकदम उठले, हात वर केला आणि म्हणाले, "नाही, ती कुस्ती बरोबरीत सुटली होती, लिहिणाऱ्यानं चुकवलंय, दुरुस्त करा." आणि ज्यांच्याबरोबर लढले ते समोर पहिल्या रांगेत बसले होते, आम्हीच बोलावलं होतं. ते पण उठले आणि म्हणाले, "बरोबरीत कुठली, तूच भारी होतास, अंधार पडला म्हणून सोडवली." पुढची दोन-चार मिनिटं माईकवाल्याला काही बोलता येईना. दोघं एकमेकाचा हात धरून उभे होते. आम्ही तिथल्या तिथं पेनानं वहीत दुरुस्ती केली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. म्हणून सांगतो, जोडीतला दुसरा पैलवान हयात असेल तर त्याला आणाच, गाडी पाठवून आणा.

द्यायचं काय? फेटा, शाल, नारळ हे आपल्या रितीचं आहे ते असूच द्या, गदा द्यायची असेल तर हलकी द्या, ऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातात पाच-सात किलोची गदा देऊन फोटो काढायचा हट्ट धरू नका. पैसे द्यायचे असतील तर थेट खात्यावर टाका, पुठ्ठ्याचा मोठा चेक नको. पण याहून उपयोगाचं पण बरंच काही आहे. जुन्या पैलवानाचे गुडघे, मान, कंबर यांचं दुखणं म्हातारपणी वर येतं. हाडाच्या डॉक्टरांकडं नेऊन नीट तपासणी करून घ्या, कानाचं मशीन लागत असेल तर ते घ्या, चष्मा घ्या. कागदपत्रांचं बघा. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी अशा किताबाच्या पैलवानांना सरकारी मानधन आहे, पण त्यासाठी अर्ज, दाखले, बँकेच्या चकरा लागतात, त्या तालमीतल्या शिकलेल्या पोरांनी माराव्यात. ज्यांच्याकडं किताब नाही त्यांच्यासाठी तालमीनं दर महिन्याला खुराकापुरती का होईना काही रक्कम बांधून द्यावी, जमेल तेवढीच, पण न चुकता. शिवछत्रपती पुरस्कारांत पण जीवनगौरव आहे, तिथं पुराव्यासकट अर्ज करावा लागतो आणि म्हातारा वस्ताद कधी स्वतःहून अर्ज करायला जात नाही. तुमची वही नीट भरलेली असेल तर निम्मं काम झालंच, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन नियम विचारून घ्या, ते दरवेळी बदलतात.

कार्यक्रमाची वेळ. सत्कार मैदान सुरू व्हायच्या आधी करू नका, तेव्हा माणूस जमलेला नसतो, आणि शेवटी तर अजिबात नको, एक नंबरची कुस्ती झाली की लोक धुरळा उडवत निघतात. दोन नंबरची कुस्ती संपली आणि एक नंबरची लागायची आहे तो मधला काळ सगळ्यात चांगला, मैदान खच्चून भरलेलं असतं आणि कुणी जागा सोडत नाही. पंधरा मिनिटं हलगी बंद. स्टेजवर नाही, आखाड्यातच करा. चपला काढून त्यांना मातीत आणा, दोन पोरं दोन्ही बाजूंनी हाताला धरून. माती कपाळाला लावायची असते त्यांना, वाकता येत नसेल तर एका पोरानं ओंजळीत माती घेऊन पुढं करावी. पाठ टेकायला खुर्ची, डोक्यावर सावली, पाणी, आणि लघवीची सोय जवळ, हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय कारण ते कुणी बघत नाही आणि म्हातारी माणसं लाजेनं बोलत नाहीत. वहीतलं पान तीन मिनिटांत वाचून दाखवायचं, ज्याचा उच्चार स्पष्ट आहे त्यानं, आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी त्यांच्या घरी जाऊन त्यांनाच एकदा वाचून दाखवायचं म्हणजे चूक असेल तर तिथंच कळते. ऐकू कमी येत असेल तर नातवाला शेजारी उभा करून कानात सांगायला लावा. पानाची एक सुबक प्रत फ्रेम करून त्यांच्या घरी आणि एक तालमीच्या भिंतीवर, मारुतीच्या फोटोशेजारी. पोरं रोज सकाळी जोर मारताना ती वाचतील.

यात्रेला अजून किती महिने आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरोघरी फिरायला दोन महिने तरी लागतात. यादीत वयानं सगळ्यात मोठे जे असतील त्यांच्याकडं या रविवारीच जा, सकाळी दहाच्या सुमारास जा, दुपारी त्यांना झोप लागते. जाताना त्यांच्या जुन्या जोडीदाराचा फोटो कुठं मिळाला तर सोबत घ्या, आणि घरातल्या बाईमाणसाला ट्रंकेबद्दल विचारायला विसरू नका.